तेहतीस पितळी नग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. सोनारीला काळभैरवापुढे दरसाल हात जोडतो, त्यालाही नाही — त्याला माहीतच असेल असं धरून चाललो. तुम्हालाच का सांगतोय? खरं तर मलाही नीट माहीत नाही. थकलोय, एवढंच. एकच गोष्ट चाळीस वर्षं दडवायची म्हणजे रोज थोडं थोडं काम असतं हो. आता ते काम माझ्याच्यानं होत नाही.

गोष्ट तशी खेळण्याची आहे. हसू नका — हसलात तरी हरकत नाही, मीही हसायचो. एका खेळण्यातल्या रणगाड्याची, आणि त्यावर बसवलेल्या तेहतीस पितळी नगांची.

मी आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात फिटर होतो. परांडा-भूम पट्टा. कुठला कारखाना ते सांगत नाही, तुम्हीही शोधत बसू नका. तिथं माणसं दोन प्रकारची असायची, हंगामी आणि कायम. हंगामी म्हणजे ऊस आहे तोवर माणूस. कायम म्हणजे ऊस नसला तरी माणूस. मी सहा वर्षं हंगामीच होतो, आणि ज्या सालचं हे सांगतोय त्या साली पाऊसच नव्हता. श्रावण लागला तरी शेतात ढेकळं. गावाला टँकरनं पाणी. उसाची लागण जळून चाललेली, पुढचा हंगाम चालेल की नाही याचीच कुजबुज. त्यात एक म्हातारे फिटर रिटायर झाले आणि एक कायम जागा मोकळी झाली. एकच. माझ्या डोक्यात त्या जागेशिवाय दुसरं काही नव्हतं — जेवताना नाही, झोपताना नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं, तेवढं सांगतोय.

त्या साली अधिक श्रावण आला होता. धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावयाला बोलवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ताटात दिवा ठेवायचा — आपल्याकडे दुष्काळ असला तरी जावयाचं चुकत नाही. आमच्या चेअरमनसाहेबांचे जावई लष्करात कॅप्टन होते, रणगाड्यांच्या पलटणीत. त्यांची हौस एकच. कुणाकडून तरी परदेशातून मागवलेला, हातभर लांबीचा, बिनतारी रणगाडा. हातात एक डबी, तिला लांब एरियल आणि दोन दांड्या. दांडी ढकलली की दहा पावलांवरचा रणगाडा घरघरत निघायचा, वरची तोफ गर्रकन फिरायची. पण बदलीच्या सामानात ट्रंकेखाली सापडून त्याच्यावरचं प्लास्टिकचं बारीक काम मोडून गेलं होतं. दोर अडकवायचे आकडे, झाकणाच्या मुठी, दिव्यांवरच्या जाळ्या, फावडं, ओढायचा दोर — निम्मं मोडलं, निम्मं हरवलं. कॅप्टनसाहेब सरहद्दीवर गेले तेव्हा रणगाडा सासरीच पडून राहिला.

चेअरमनसाहेबांच्या मंडळींना आम्ही सगळे काकी म्हणायचो. कल्पना त्यांचीच. चांदीचं ताट काय, सगळेच देतात. आपण जावयांचा रणगाडाच नवा करून द्यायचा. प्लास्टिक नको, पितळेचे नग. आणि धोंड्याचं वाण, म्हणून तेहतीस.

साहेबांनी मला बोलावलं. हंगाम बंद होता, दुरुस्तीसाठी वर्कशॉपात ठेवलेल्यांत आयटीआयचा कागद असलेला हंगामी मी एकटाच होतो ना. तोंडातून निघालं, "होईल की साहेब." का निघालं? ती जागा बोलत होती, मी नव्हतो बोलत.

पहिल्या दिवशी तीन नग मोडले. बेअरिंगखाली घालायची पितळी शिम असते, कागदासारखी पातळ, तिच्यातून मी भाताच्या शिताएवढा आकडा कापायला बसलो. वाकवला की तडकायचा. डाग दिला की कथिलाचा नुसता गोळा व्हायचा. माझे हात मोठ्या पान्याचे. उसाच्या रोलरचे नट सोडवायला द्या, चार माणसांचं काम एकटा करीन. पण हे? घामानं शिम बोटालाच चिकटायची. आता जाऊन नाही म्हणायचं, आणि जागा दुसऱ्याला मिळालेली बघायची?

तेव्हा मागून आवाज आला, "मिस्त्री, म्या करून बघू का?"

तो सोपान ओव्हाळ. आमच्याकडे खलाशी होता, म्हणजे फिटरच्या हाताखालचा माणूस. तोही हंगामी. ईट गावाकडचा. त्याच्या वडलांनी धम्म घेतला तेव्हा तो रांगत होता, असं तो सांगायचा. आयटीआय वगैरे काही नाही. पोरवयात बार्शीत स्टोव्ह-कंदील दुरुस्तीच्या दुकानात राहिला होता, तेवढंच शिक्षण. माझ्याच वयाचा, पण मी फिटर म्हणून मला मिस्त्री म्हणायचा. आणि मी त्याला सोपान्या म्हणायचो. हेही सांगून टाकतो, आता लपवायचं काय.

पाणी गार करायचा कारखान्याचा मोठा हौद त्या साली कोरडा ठाक पडला होता. त्याच्या भिंतीच्या सावलीत, जेवणाच्या सुट्टीत, सोपान तीन आठवडे बसला. शिवणाची सुई मोडून, घासून तिचं ड्रिल केलं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढली, तिचे सात पदर एकत्र पिळले आणि रणगाड्याचा ओढायचा दोर केला. दोराच्या टोकाला फास, फासाला चिमुकली कडी. डाग देताना तो श्वास धरायचा. मी बघायचो — छाती हलायची नाही, फक्त हात. डाग दिलेला नग पाण्यात विझवायचा, तर पाणी कुठून आणायचं? आम्हाला माणशी एक तांब्या पिण्याचं मिळायचं. तो आपल्या तांब्यातलं झाकणभर घ्यायचा आणि परत त्यातच पुढचा नग विझवायचा. मी माझ्या तांब्यातलं दिलं का? नाही. मी प्यायलो.

माझं काम एवढंच, झालेले नग चिंचेनं घासून लख्ख करायचे. प्रत्येक नगाला एक बारीकसं भोक होतं. मला वाटलं बसवायची सोय असेल. विचारलं नाही. तेहतीस नग घासले आणि एकदाही विचारलं नाही की फावड्याला भोक कशाला.

त्यानं चौतीस केले होते. एक आकडा जास्तीचा. "पडला-झडला तर असू द्या," म्हणत माझ्या हातावर ठेवला. दुकानात शिकलेली सवय, असं म्हणाला. तो आकडा अजून माझ्याकडे आहे, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत.

वाणाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सायकलींवरून बंगल्यावर गेलो. रणगाड्याचं खोकं सोपानच्या कॅरियरला. ओसरीपर्यंत त्यानंच धरून आणलं, तिथं माझ्या हातात दिलं आणि पायरीशी थांबला. थांब म्हणून कुणी सांगितलं नाही. ये असंही कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. मी आत गेलो.

मोठं ताट, मधे तुपाचा दिवा, भोवती अनारसे आणि त्यांच्यामधे तो रणगाडा. पितळ असं झळकत होतं की बायका पुढं वाकून बघत होत्या. कॅप्टनसाहेब उंच, अबोल माणूस. ते खाली मांडी घालूनच बसले. फावडं रणगाड्यावरच्या चिमट्यातून बाहेर निघतंय, परत बसतंय, हे बघून त्यांचा चेहरा उजळला. नखानं एकेक मूठ उघडून बघत होते.

चेअरमनसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "काय ओ मोरे, समदं तुम्हीच केलं का?"

आता बघा. दार उघडं होतं. सोपान पायरीवर, माझ्यापासून चार हातांवर. नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं. नुसतं मागं वळून बघितलं असतं तरीसुद्धा.

"व्हय, साहेब," मी म्हणालो.

बोललो आणि लगेच अंगाशी आलं. कॅप्टनसाहेबांनी फावडं उचललं, उजेडात धरलं आणि सहज विचारलं, "मोरे, खऱ्या फावड्याला भोक नसतं. कुऱ्हाडीलाही नसतं. तुम्ही प्रत्येक नगाला पाडलंय. ते का?"

मला काय माहीत? सगळे माझ्याकडे बघतायत. दिव्याची वात बघत उभा राहिलो.

आणि पायरीवरून आवाज आला. "सायब, धोंड्याचं वाण जाळीचं असतंय. अनारशाला जाळी असती तसं. काकींनी निरोप दिल्ता माझ्यापाशी, म्या मिस्त्रीला सांगितला. मग मिस्त्री म्हणले, तेहतीसच्या तेहतीस नगाला भोक पाडायचं."

काकींनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी खरंच सांगितलं होतं — रणगाडा न्यायला सोपान परसदारी गेला तेव्हा बोलता बोलता म्हणून गेल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फिटर माणूस, पण वाणाची केवढी जाण, असं त्या लेकीला म्हणाल्या. कॅप्टनसाहेबांनी उठून माझा हात हातात घेतला. हाच हात. मग अंगणात रणगाडा चालवला. अनारशांच्या ताटाला वळसा घालून तो घरघरत तुळशीपर्यंत गेला आणि सगळे टाळ्या वाजवत होते. सोपानही वाजवत होता.

परतताना मी सायकल हातात धरून चाललो. त्याला विचारलं, का रे असं बोललास? तो म्हणाला, "तुमचं तोंड बघवंना, मिस्त्री." मग थोडं चालून म्हणाला, "आमच्यात न्हाय आता हे वाण-बिण. पण देणारीचं मन असतंय की." आणि वळणावर, स्वतःचा रस्ता धरताना — "तुमचं झालं की माझंबी बघा सायबाकडं."

बघतो म्हणालो. शपथ घेऊन म्हणालो.

महिन्याभरात मी कायम झालो.

तुम्हाला वाटेल, हाच गुन्हा. मलाही तुम्हाला इथंच थांबवता आलं असतं. एक खोटा होकार, भीतीपोटी दिलेला — त्याला लोक माफही करतात. पण खरा गुन्हा याच्या पुढं आहे. पुढचं जड आहे, म्हणून एवढा वळसा घेतला.

कायम झाल्यावर नाव झालं. "बारीक कामाचे मोरे." कुणाचं घड्याळ, कुणाच्या नथीचा फासा, कुणाचं शिवणयंत्र — सगळं माझ्याकडे. मी काय करणार? बार्शीला गेलो आणि चष्मा आणला. डोळे ठणठणीत होते. जवळजवळ साध्या काचेचा चष्मा. तो घातला आणि सांगू लागलो, नजर गेली हो, रणगाड्यानं डोळे खाल्ले. लोक हळहळायचे. वयाच्या तिशीत मी म्हाताऱ्यासारखा चष्मा पुसत बसायचो. माझ्या बायकोनं माझ्या डोळ्यांसाठी सोमवार धरले. ती अजून धरते.

दिवाळीनंतर कॅप्टनसाहेबांचं पत्र आलं. त्यांच्या पलटणीतल्या दोघा अधिकाऱ्यांकडेही तसलेच रणगाडे होते. त्याच हाताचं काम हवं, असं लिहिलं होतं. त्याच हाताचं. चीफ इंजिनिअरसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं. मी चष्म्याला हात लावला आणि नाही अशी मान हलवली.

इंजिनिअरसाहेब चांगला माणूस. तेव्हा हंगाम जेमतेम दीड-दोन महिने चालेल असं दिसत होतं आणि कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं याची यादी त्यांच्यापुढे होती. ते म्हणाले, "तो ओव्हाळ तुमच्या हाताखाली होता. शिकला असेल काही. त्याला फिटरच्या जागी घ्यावं म्हणतोय. हे कामही त्यालाच देऊ. हात कसा आहे त्याचा?"

मला पुढं होऊन काही करायचं नव्हतं. विनवणी नाही, भांडण नाही. जी शपथ घेतली होती ती आपल्या पायांनी चालत माझ्यापुढे आली होती. फक्त "चांगला आहे" म्हणायचं. दोन शब्द.

पण सोपाननं नवे नग केले असते. ते जुन्या नगांशेजारी ठेवले गेले असते. कॅप्टनसाहेबांनी नख लावून बघितलं असतं. ज्याला रणगाड्याच्या फावड्याचं भोक दिसलं, त्याला हात ओळखू आला नसता? हे सगळं माझ्या डोक्यात किती वेळात आलं असेल? चष्मा नाकावर सारण्याएवढ्या वेळात.

"हात जड आहे त्याचा, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली आणि यादीवर पेन्सिलीची एक रेघ ओढली. बस. वर्कशॉपात मोटार चालू होती, कुणीतरी कुणाला पाना मागत होतं. माझ्या आवाजात थरथर नव्हती. तीच मला आजही आठवते — नसलेली थरथर. मला वाईट वाटलं का? तेव्हा? तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

जायच्या आदल्या दिवशी सोपान वर्कशॉपात आला. रागानं नाही, दुपारी, डबा खाऊन. विचारलं, "तुमी बोललाव का सायबाला?"

"बोललो रे," मी म्हणालो. "वरूनच नाही म्हणाले."

बोललो तर होतोच.

तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला, कोल्हापूरकडं. पुढच्या सालीही गेला. मग दर सालीच. आमच्या कारखान्यात तो परत कधी दिसला नाही. पुढं पाऊस झाला, ऊस झाला, हंगामी पोरं परत भरली. मी एकदाही त्याला निरोप धाडला नाही. ईट काही फार लांब नाही. सायकलवर जाता येतं.

चारेक वर्षांनी धाराशिवच्या एसटी स्टँडवर भेटला. मी फंडाच्या कामाला गेलो होतो. त्यानंच हाक मारली, "मिस्त्री!" — लांबून, गर्दीतून, आनंदानं. केस पांढरे व्हायला लागले होते. बायको शेजारी गाठोड्यावर बसली होती. तिला म्हणाला, "हेच ते मोरे मिस्त्री. म्या सांगत न्हवतो का, रणगाड्याला पितळ लावलं ते." आणि माझ्याकडे बघून हसला. मला कळलंच नाही — त्यानं घरीसुद्धा तेच सांगितलं होतं? बायकोलासुद्धा? की तिच्यासमोर मला सांभाळून घेत होता, बंगल्यावर घेतलं होतं तसं? तेव्हापासून मी हेच उलटंपालटं करून बघतोय.

चहा सांगितला. त्यानं कप दांडीला धरला नाही. दोन्ही तळव्यांत धरला, वाटी धरावी तसा. बोटं मिटत नव्हती पुरती. कोयत्यानं तळहाताची पार ढाल करून टाकली होती. माझी नजर तिथं गेली, ते त्यानं बघितलं.

"आता सुईत दोरा जाईना, मिस्त्री," तो म्हणाला. "हात जड झालाय."

त्याला ठाऊक होतं का? कुणी सांगितलं असेल का? चेहऱ्यावर काही नव्हतं. साधं सांगत होता, कुणी गुडघे दुखतात म्हणून सांगावं तसं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याची बस लागली होती, बायको गाठोडं उचलत होती. मला अजून वेळ होता. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

"व्हय," मी म्हणालो.